सोपान कासाराची चांदीपारख

गाव कुठलं ते विचारू नका, तिथल्या लोकांना अजून राग येतो. पण एका गावात एक भोळा कासार होता. त्याचं नाव सोपान. अंगानं धडधाकट, मनानं गूळ, आणि डोक्याचं म्हणाल तर ते पुढं कळेलच.

सोपानला कुणी काही सांगितलं की तो तसंच करायचा. तसंच म्हणजे तसंच. त्याच्यापेक्षा कमी नाही, जास्त नाही. बायको एकदा म्हणाली, "अहो, वाळवण घातलंय. कोंबड्या येतील, दाराकडं लक्ष ठेवा." सोपान दोन तास दाराकडं बघत बसला. कोंबड्यांनी कुरडया फस्त केल्या.

"अहो, लक्ष कुठं होतं?"

"दाराकडं. दारातनं एकबी आली न्हाई. भिंतीवरनं आल्या."

बायकोचं नाव अनसूया. ती हसली की तिच्या डाव्या गालाला खळी पडायची. त्या दिवशीही पडली, म्हणून सोपानला वाटलं, आपण काम चोख केलं. त्या खळीवर त्याचा फार जीव. दुकानात बसल्या बसल्या ती आठवली की तो हातातलं भांडं तसंच धरून बसायचा आणि गिऱ्हाईक कंटाळून निघून जायचं.

लग्नानंतरचा पहिला आखाड आला. आखाडात नव्या सुनेनं माहेरी जायचं असतं, तशी अनसूया गेली. आणि इकडं सोपाननं मास्तरांच्या चहादाणीचा उद्योग करून ठेवला.

आता ही चहादाणी कुठून आली, ते आधी सांगायला हवं. शेजारचं तेरणगड हे एके काळी संस्थान होतं. तिथल्या राजेसाहेबांना साहेबी थाटाचं फार वेड. टेबलावर जेवायचे, आणि त्यांच्या टेबलावर विलायतेहून आलेली चांदीच्या मुलाम्याची भांडी मांडलेली असायची. पुढं संस्थान गेलं, राजेसाहेब गेले, आणि भांड्यांचा लिलाव झाला. आसपासच्या गावांत ती कुणाकुणाच्या घरी गेली. कशासाठी काय वापरायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पाव उभे करून ठेवायच्या जाळीत कुलकर्णी टपालाची पत्रं खोचायचे. मासे वाढायच्या रुंद सुरीनं एका घरी थालीपीठ उलटायचे. रस्सा वाढायच्या चोचीच्या भांड्यानं पुजारी महादेवाला अभिषेक करायचा. देवाची काही तक्रार नव्हती.

त्यात खरी चांदी थोडी आणि मुलामाच जास्त. कुठली कुठली, हे ओळखणारा पंचक्रोशीत एकच माणूस होता. अनसूयेचे वडील, तेरणगडचे गुंडोबाशेठ कासार.

तर मास्तरांनी चहादाणी सोपानकडं आणली आणि म्हणाले, "वरनं काळी पडलीय. आत काय आहे, जरा बघ बाबा."

सोपाननं चिंच घेतली, राख घेतली, वाळू घेतली आणि आत काय आहे ते बघायला लागला. तीन दिवस घासलं. वरचा काळेपणा गेला. मग पांढरेपणाही गेला. खालून लख्ख पिवळं निघालं. सोपान चहादाणी डोक्यावर घेऊन शाळेत धावत गेला.

"मास्तर, चांदी कसली घिऊन बसलाय! आत सोनं हाय, सोनं!"

ते पितळ होतं. शंभर वर्षांपूर्वीचा चांदीचा मुलामा सोपानच्या मोरीतून वाहून गेला होता.

ही बातमी चार कोस चालत तेरणगडला पोचली. आखाड संपला, श्रावण लागला, सोपान बायकोला न्यायला गेला. गुंडोबाशेठ ओसरीवर वाटच बघत होते. जावई पहिल्यांदाच आलेला. पाय धुवायला पाणी आलं. सासूबाईंनी पुरणपोळ्या केल्या. चार पोळ्या आणि वाटीभर तूप पोटात गेल्यावर गुंडोबाशेठ म्हणाले,

"जावईबापू, राग मानू नका. कासाराच्या जावयाला पितळ ओळखता येत न्हाई, म्हटल्यावर बाजारात मला तोंड दाखवायला जागा राहिली न्हाई. पोर एवढ्यात पाठवणार न्हाई. एक भांडं, फक्त एक भांडं, शहाण्यासारखं पारखून, मालकाच्या राजीखुशीनं घिऊन या. त्या दिवशी अनसूला घिऊन जा."

जावयाला अहो-जाहो करायची रीत. त्यामुळं गुंडोबाशेठना पोटभर शिव्या देण्याचीही सोय नव्हती.

"पण पारखायचं कसं, मामंजी?"

"पहिली गोष्ट. जुन्याला घासायचं न्हाई. वरचा काळेपणा हीच त्याच्या म्हातारपणाची साक्ष. वस्तू जितकी जुनी आणि जितकी न घासलेली, तितका तिला मान. कुणी घासत असंल तर पुढं होऊन त्याचा हात धरायचा. ह्याची खूणगाठ बांधा."

"बरं मामंजी," सोपान म्हणाला, आणि त्यानं उपरण्याच्या टोकाला खरोखरच एक गाठ मारली.

निघताना स्वयंपाकघराच्या दारात अनसूया उभी होती. तिनं हळूच विचारलं, "कवा न्यायला येताय?"

"येतोच. गाठ मारलीय."

चार दिवसांनी देशमुखांकडून बोलावणं आलं. त्यांच्याकडं लिलावातलं एक मोठं तबक होतं. सोपान गेला. वाड्याच्या अंगणात शिरतो तर काय, देशमुखांच्या नव्वदीच्या मातोश्री उन्हात पाय पसरून बसलेल्या, आणि थोरली सूनबाई वज्रीनं त्यांच्या टाचा घासतेय.

सोपाननं उपरण्याची गाठ चाचपली. घासतायत. आणि वस्तू तर चांगलीच जुनी दिसतेय. तो पुढं झाला आणि त्यानं देशमुखांच्या सूनबाईंचा हात धरला.

"घासू नगा! नव्वद वर्सांचा मळ हाय. समदी किंमत जाईल!"

सूनबाई किंचाळल्या. म्हातारीनं डोळे किलकिले करून विचारलं, "कोण गं ह्यो? माझी किंमत करायला कुणी बोलावला ह्याला?"

बोलावणाऱ्यानंच मग त्याला बाहेर घालवलं. तबक राहिलं तबकाच्या जागी. सोपानच्या पाठीवर मात्र देशमुखांच्या काठीचा छाप उठला, तो पुढं आठवडाभर टिकला.

सोपान तेरणगडला गेला. पाय धुवायला पाणी आलं. या खेपेला सासूबाईंनी शिरा केला. झालं ते ऐकून गुंडोबाशेठनी कपाळाला हात लावला.

"जावईबापू, माणसाला हात लावायचा न्हाई. भांड्यालाच लावायचा. भांडं दिसलं की दुसरीकडं बघायचं न्हाई, काही बोलायचं न्हाई. पहिल्यांदा ते उलटं करायचं. बुडावर छाप असतो. सिंव्ह असला तर चांदी. एका ओळीत चार विलायती अक्षरं असली तर मुलामा. आधी बूड, मग बाकीचं. बांधा खूणगाठ."

"बरं मामंजी." उपरण्याला दुसरी गाठ.

दारात अनसूया. "कवा न्यायला येताय?"

"ह्या खेपेला नक्की. बूड कळलंय मला."

पुढं तुळशीचं लग्न होऊन मुहूर्त निघाले, तेव्हा गावातल्या तात्या महाजनांच्या मुलीचं लग्न होतं. मुलाकडचे लोक शहरातले, मोठ्या ऐटीचे. विहिणीच्या पंगतीला विहीणबाईंना चांदीच्या ताटातच वाढायचं, असा निरोप आधीच आला होता. तात्यांकडं चांदी नव्हती. त्यांनी मास्तरांच्या भावाकडून मुलाम्याचं एक सुंदर ताट मागून आणलं. नक्षी बघून विहीणबाई खूष झाल्या. ताटाभोवती महिरपीची रांगोळी, उदबत्तीचं झाड, वर समई. ताटात मसालेभात, वरण, मठ्ठा, जिलब्या, पाच भाज्या. गावातल्या बायका विहिणीची गाणी म्हणायला लागल्या. विहीणबाईंनी ताटाला नमस्कार केला आणि पहिला घास उचलला.

सोपान जेवायला आला होता. त्याच्या नजरेला ताट पडलं.

त्यानं दुसरीकडं बघितलं नाही. काही बोलला नाही. सरळ रांगोळी ओलांडून गेला, दोन्ही हातांनी ताट धरलं आणि उलटं केलं.

मसालेभात, वरण, मठ्ठा, जिलब्या आणि पाच भाज्या विहीणबाईंच्या नव्या शालूत. गाणी थांबली. एवढी शांतता पसरली की समईची वात तडतडली ती ऐकू आली. त्या शांततेत सोपाननं ताटाच्या बुडावर बोट ठेवून मोजलं. एक, दोन, तीन, चार.

"मुलामा हाय!" तो आनंदानं ओरडला.

वऱ्हाड दोन तास अडून बसलं. तात्यांनी विहीणबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं तेव्हा कुठं लग्नाचं लग्न राहिलं. सोपान मात्र धावतच तेरणगडला पोचला.

"मामंजी, वळखलं! बरोब्बर वळखलं! चार अक्षरं!"

"भरलं ताट उलटं करून वळखलं ते धरायचं न्हाई," गुंडोबाशेठ म्हणाले. त्यांचा आवाज खोल गेला होता. सासूबाईंनी पुढ्यात पोहे ठेवले. खोबरं नव्हतं.

"जावईबापू, नीट ऐका. भरलेलं भांडं कधी उलटं करायचं न्हाई. आधी रिकामं करायचं. सगळं बाहेर काढायचं. मग उलटं करायचं, आणि नखानं टिचकी मारून कान लावायचा. चांदी असली तर नाद लांबवर घुमतो. मुलामा असला तर लगेच बसतो. आजूबाजूला कितीबी गलका होऊ द्या, कान हलवायचा न्हाई."

"बरं मामंजी." तिसरी गाठ.

"कवा न्यायला येताय?" अनसूयेनं विचारलं. या खेपेला तिच्या गालाला खळी नव्हती. सोपानला ते दिसलं. आपलं घर त्याला आठवलं. भाकरी करपते, पिठल्यात गुठळ्या होतात, आणि जेवताना पलीकडं कुणी नसतं. या खेपेला चूक नाही म्हणजे नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं.

शेजारच्या गावात गोविंद वैद्य म्हणून होते. त्यांच्याकडं राजेसाहेबांचं सार वाढायचं मोठं झाकणाचं भांडं होतं. दोन कान, चार पाय, झाकणावर हरणाची मूठ. वैद्यांनी स्वतःच सांगून पाठवलं, "येऊन बघून जा. पसंत पडलं तर घेऊन जा."

सोपान गेला. वैद्य आत औषध कुटत होते. बैठकीवर सात-आठ रोगी पाय दुमडून बसलेले. कुणाचं अंग ठणकतंय, कुणाला खोकला, एक नुसताच गप्पा मारायला आलेला. मधोमध चौरंगावर ते भांडं.

सोपाननं आपला इतिहास आठवला. घासायचं नाही. माणसाला हात लावायचा नाही. भरलेलं उलटं करायचं नाही. त्यानं कानाशी धरून भांडं हलवलं. आत डुचमळलं. म्हणजे भरलेलं. म्हणजे आधी रिकामं करायचं. त्यानं झाकण काढलं आणि भांडं बैठकीवर रिकामं केलं.

त्यात वैद्यांच्या जळवा होत्या.

दूषित रक्त काढायला वैद्यांनी त्या जपून पाळल्या होत्या. चाळीस-पन्नास तरी असतील, आणि आठ दिवसांच्या उपाशी. बैठकीवर आठ माणसांचे सोळा उघडे पाय. पुढं जे झालं ते सांगण्यापेक्षा ऐकण्यासारखं होतं. कुणी भिंतीवर चढला, कुणी तुळईला लोंबकळला. खोकल्याच्या रोग्याचा खोकला जागच्या जागी बरा झाला. गप्पा मारायला आलेला माणूस त्या गावात पुन्हा दिसला नाही.

आणि सोपान भांडं उलटं धरून, टिचकी मारून, कान लावून उभा.

"अरे गप बसा की जरा!" तो म्हणाला. "नाद ऐकू येऊ द्या!"

तेरणगडला त्याच्या पोटऱ्यांवरच्या तीन जळवा सासूबाईंनी मीठ टाकून काढल्या. पाण्याबरोबर गुळाचा एक खडा मिळाला. खडा लहान होता.

गुंडोबाशेठनी उपरण्याच्या तिन्ही गाठी बोटानं मोजल्या. मग म्हणाले, "जावईबापू, आता हातच लावू नका. कशालाच नको. लांब उभं राहायचं आणि बघायचं. काठ झिजलाय का, पोचा आहे का, तोंड सरळ आहे का. पारख कळली न्हाई तर निदान घासाघीस तरी शिका. एकच शिकवतो, शेवटचं. जी वस्तू आवडली, जिच्यावर जीव बसला, तिचं मालकासमोर कौतुक करायचं न्हाई. तिलाच नावं ठेवायची. जितका जीव जास्त, तितक्या खोडी जास्त. आणि राहू द्या तुमच्याकडंच म्हणून पाठ फिरवायची. मालक हाक मारतो. पहिल्या हाकेला वळायचं न्हाई. दुसऱ्या हाकेलाबी न्हाई. तिसऱ्या हाकेला वळायचं, आणि निम्म्यात देता का विचारायचं. मधी वळलात की सौदा बुडाला."

"तिसऱ्या हाकेला. बरं मामंजी." चौथी गाठ. उपरणं आता खांद्यावरून छातीपर्यंतसुद्धा पोचत नव्हतं.

दारातली अनसूया या खेपेला बोटांवर हाका मोजत होती. ती लहानपणापासून बापाच्या मागं उभं राहून हे सगळं ऐकत आली होती. सोपानपेक्षा तिलाच जास्त येत होतं. पण तिला कोण विचारतो?

आणि काय सांगू, या खेपेला जमलं!

इनामदारीणबाईंकडं चहाचे तीन नग होते. चहादाणी, दूधदाणी, साखरदाणी. तिन्ही एका घडणीचे, चहादाणीची मान हंसासारखी बाकदार. मुलाम्याच्या भांड्याला वजनावर किंमत नसते, घडणीवर आणि पुऱ्या संचावर असते. सोपानला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला फक्त ती मान आवडली. अनसूया पाणी ओतताना अशीच वाकते, असं त्याला वाटलं. म्हणजे जीव बसला. म्हणजे नावं ठेवायची.

तो लांब उभा राहिला. हात पाठीमागं बांधले.

"तोंड वाकडं हाय. काठाला झिजलीय. बाजूला पोचा हाय. राहू द्या तुमच्याकडंच." आणि त्यानं पाठ फिरवली.

"अरे सोपान!" इनामदारीणबाईंनी हाक मारली. सोपान चालत राहिला. "अरे ऐक तरी!" सोपान अंगणात पोचला. "सोपान, अरे थांब बाबा! साखरदाणीला मुंग्या लागून लागून जीव नको झालाय. घेऊन जा एकदाची!"

सोपान गर्रकन वळला. "निम्म्यात देता का?"

दिली. राजीखुशीनं दिली, वर लाडूही दिला.

गुंडोबाशेठनी तिन्ही नग उलटेपालटे करून पाहिले. काच लावली. टिचकी मारली. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पुरा संच! आणि एक ओरखडा न्हाई! जावईबापू, जिंकलंत. घिऊन जा पोरीला."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गुंडोबाशेठच्या घरी लगबग. पुरणपोळ्या झाल्या. आळीतल्या बायका पाठवणीला जमल्या. सासूबाईंनी लेकीची ओटी भरली. गुंडोबाशेठनी पेटीतून एक पळी काढून तिच्या हातात दिली.

"ही माझ्या आईची. चांदी का मुलामा, ते आम्ही सांगत न्हाई. आता घरात पारखी आहे. तोच सांगंल."

अनसूया गाठोडं घेऊन उंबऱ्यात आली. हिरवं लुगडं, नाकात नथ, डोळ्यांत पाणी, ओठ रडू आवरताना वाकडे झालेले, आणि तरीही सोपानकडं बघून गालाला ती खळी. सोपानचं काळीज भरून आलं. इतकी सुंदर वस्तू त्यानं जन्मात पाहिली नव्हती. चहादाणी हिच्यापुढं काहीच नाही.

सासूबाईंनी रीतीप्रमाणं विचारलं, "न्यायची ना जावईबापू आमची पोर?"

सोपाननं उपरण्याची चौथी गाठ चाचपली. जितका जीव जास्त, तितक्या खोडी जास्त. या खेपेला तर जीव सगळाच तिच्यात. आणि हा सौदा काही झालं तरी बुडता कामा नये.

तो दोन पावलं मागं सरला. हात पाठीमागं बांधले. नाक मुरडलं.

"तोंड वाकडं हाय," तो म्हणाला.

आळीतल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"काठाला झिजलीय. डाव्या गालाला पोचा हाय. उभी केली तर एका अंगाला कलती. राहू द्या तुमच्याकडंच."

आणि पाठ फिरवून तो चालू लागला.

"अहो जावईबापू!" गुंडोबाशेठ ओरडले. एक, सोपाननं खुशीत मोजलं.

"अहो, काय चुकलं आमचं? फिरा की मागं!" सासूबाई रडत ओरडल्या. दोन.

आता तिसरी. तो वेशीपाशी आला. पाऊल जरा हळू टाकलं. तिसरी हाक येईना. गुंडोबाशेठ उंबऱ्यात मटकन बसले होते आणि त्यांच्या तोंडून आता शब्द फुटत नव्हता. सोपान ओढा ओलांडून गेला. एक कोस गेला, दोन कोस गेले. मान दुखायला लागली तरी त्यानं मागं पाहिलं नाही. दिवेलागणीला तो आपल्या घरी पोचला आणि रस्त्याकडं पाठ करून ओट्यावर बसला.

शेजारच्या चंद्राआत्या तुळशीला दिवा लावून येत होत्या. सोपानला बघून त्या थांबल्या, मग त्याच्या मागं बघून त्यांनी तोंडाला पदर लावला. कारण सोपानच्या मागं दहा पावलांवर, डोक्यावर गाठोडं आणि हातात पळी घेऊन अनसूया उभी होती. चार कोस ती तशीच चालत आली होती, न बोलता. नवऱ्यानं खोडी का काढल्या, ते तिला कळलं होतं. पण सगळ्या आळीसमोर कलती म्हणाला, हे काही तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. हाक तर ती मेली तरी मारणार नव्हती.

"सोपाना," चंद्राआत्यांनी विचारलं, "आणली का रे अनसूला?"

"सौदा चाललाय, आत्या," सोपान म्हणाला. "दोन हाका झाल्यात. एकच राह्यलीय."

"अरे, मागं बघ की!"

"वा! मधी वळलं की सौदा बुडतो. दुसरं काय बी असतं तर वळलो असतो. हिच्यापायी न्हाई वळणार." त्यानं उपरण्यानं डोळे पुसले. गाठी डोळ्यांना लागल्या. "आत्या, मामंजी म्हणलं, जिच्यावर जीव बसतो तिच्याच खोडी काढायच्या. मी चार काढल्या. त्यातली कलती ती तर साफ खोटी हाय. खऱ्या खोडी सापडंनात, मग काय करू? आता तिसरी हाक येईस्तोवर मी हितंच बसणार. धा वर्सं लागली तरी."

मागं अनसूयेचा सगळा राग त्या एका वाक्यात विरघळून गेला. नवऱ्याचं नाव तिनं आजवर एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात. आता ना लग्न होतं, ना उखाणा. तरी भर रस्त्यात, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं तिनं नाव घेतलं.

"सोपानराव!"

सोपान ताडकन उठला. गर्रकन वळला. समोर अनसूया. गाठोडं, नथ आणि ती खळी. त्याला हसू आवरेना, रडू आवरेना. तो धावत गेला, तिच्यापुढं उभा राहिला, आणि चौथ्या गाठीत जे शेवटचं राहिलं होतं ते त्यानं पुरं केलं.

"निम्म्यात देता का?"

अनसूयेनं हातातली पळी उचलली आणि त्याच्या टाळक्यात हाणली.

टण्ण! नाद उठला आणि तुळशीवरून, कौलांवरून लांबवर घुमत गेला. सोपान डोकं धरून जागच्या जागी उभा राहिला, कान न हलवता, नाद पुरता विरेपर्यंत. मग त्याचा चेहरा उजळला.

"अनसू," तो म्हणाला, "चांदी हाय!"